'नंतर करू' म्हणजे कधी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

करोनात काय काय अडकलं यावर बरंच छापून येतं, शाळा, लग्नं, ईएमआय, पण कानाच्या ऑपरेशनबद्दल मी तरी कुठे वाचलं नाही म्हणून लिहितेय. आमच्या घरात असे दोन पेशंट, एक तेव्हा दीड वर्षाची भाची आणि दुसरे सत्तरीतले अण्णा, माझे वडील. दोघांनाही कॉक्लिअर इम्प्लांट हवं होतं, म्हणजे ऑपरेशन करून आतल्या कानात बसवायचं ऐकण्याचं यंत्र.

भाचीचं कळलं ते २२ मार्च २०२० ला. संध्याकाळी पाचला अख्ख्या लालबागने थाळ्या बडवल्या, आमच्या गॅलरीत तर कुणीतरी पितळी परातच काढलेली, आणि ही बया वहिनीच्या मांडीवर ढाराढूर. वहिनी आधी हसली, मग एकदम गप्पच झाली.

त्यानंतर ऐकू येतं का हे बघायच्या बेरा टेस्टला नंबर लागला थेट ऑगस्टमध्ये. डोक्याला वायरी लावून झोपेत करायची ही टेस्ट, त्यासाठी पोरीला रात्रभर जागवायचं आणि टॅक्सीत डोळा लागू द्यायचा नाही, आम्ही तिघं आळीपाळीने तिला गुदगुल्या करतोय, आणि तिथे पोचलो तर टेक्निशियनच क्वारंटाइन. परत या!

हॉस्पिटलचंही चूक म्हणवत नाही. केंद्राने मार्चमध्येच सांगितलेलं की तातडीची नसलेली ऑपरेशनं पुढे ढकला, नायर तर पूर्ण करोनासाठीच दिलेलं, आणि या ऑपरेशनात कानामागचं हाड ड्रिल करतात, त्याचे कण उडतात, म्हणजे डॉक्टरांनाच धोका. हे सगळं मान्य. पण जन्मतः ऐकू न येणारं मूल आणि हर्निया एकाच यादीत कसे? मेंदू ऐकणं-बोलणं शिकतो ते पहिल्या तीन-साडेतीन वर्षांत, नंतर इम्प्लांट बसवलं तरी तेवढा फायदा होत नाही. मेनिंजायटिसने (मेंदूच्या आवरणाला सूज येऊन) कान गेले असतील तर आणखीच घाई, कारण कानाच्या आतल्या शंखात हाड धरायला लागतं आणि इम्प्लांटची तार, म्हणजे इलेक्ट्रोड, सरकवायलाच जागा उरत नाही.

आमचं ऑपरेशन झालं फेब्रुवारी २०२१ मध्ये, पोरगी तेव्हा सव्वादोन वर्षांची. तीन आठवड्यांनी मशीन चालू केलं, आवाज आल्या आल्या भोकाड पसरलं तिने, आम्ही पण रडलो. आणि एप्रिलमध्ये दुसरी लाट, लोकल बंद, वांद्र्याची थेरपी बंद. ज्या पोरीला आवाज म्हणजे काय हेच नुकतं कळायला लागलेलं तिला तुटक तुटक नेटवर्कवर व्हिडिओ कॉलवरून 'आ' आणि 'ऊ' शिकवायचं, तेही चाळीत, शेजारी टीव्ही चालू असताना.

तरी आमचं निभावलं. ओपीडीत पनवेलच्या एक ताई भेटायच्या, त्यांच्या मुलाची फाइल अडिपमध्ये. केंद्राच्या या योजनेत जन्मतः बहिऱ्या मुलांना इम्प्लांट मिळतं, पण पाच वर्षांची अट. लॉकडाऊन, मग लोकल बंद, मग कागद, एवढ्यात पोरगा पाच पूर्ण झाला आणि फाइल परत. त्याच काळात गाडीच्या लायसन्सची मुदत सरकार सारखी वाढवून देत होतं, मग मुलाचं वय नाव नोंदवलं त्या दिवसापासून धरायला काय हरकत होती? पुढच्या साथीत तरी हे आधीच लिहून ठेवा, आणि ही ऑपरेशनं 'नंतर करू'च्या यादीतून काढा.

आणि अण्णा. त्यांना साधं कानाचं मशीन पुरेना, त्यात मास्कमुळे समोरच्याचे ओठ दिसेनात, आणि मास्कच्या नाडीत अडकून मशीन दोनदा पडलं, दुसऱ्यांदा बेस्टच्या बसमध्ये, ते गेलंच. मोठ्यांना अडिपमधून इम्प्लांट नाही, लाखांचा खर्च, तरी भाऊ कर्ज काढायला तयार होता. पण आधी वय जास्त म्हणून थांबा, मग लस होऊ द्या म्हणून थांबा, शेवटी अण्णाच म्हणाले, पोरीचं झालं ना, मला आता काय ऐकायचंय. लहान मुलांसाठी निदान आईबाप खेटे तरी घालतात, म्हातारी माणसं आपणहून यादीतून उठून जातात आणि कुणी विचारतही नाही. हॉस्पिटल पुन्हा सुरू झाल्यावर एक फोन करायला काय लागतं?

अण्णांचं नाव अजून त्या वेटिंग लिस्टमध्ये असेल. नंबर माझाच दिलाय, तो बदललेला नाही.

— एक वाचक, लालबाग