पैज आणि फसवणूक यांत गल्लत नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पूल, म्हणजे क्यू नावाच्या काठीने पांढऱ्या चेंडूला मारून इतर चेंडू टेबलाच्या भोकांत (पॉकेटमध्ये) पाडायचा खेळ, ज्या हॉलमध्ये चालतो तिथे पैसे लावून होणाऱ्या खेळांविषयी आपल्या दैनिकात नुकताच प्रसिद्ध झालेला लेख वाचला. लेखकाची तळमळ पटण्याजोगी आहे. मात्र उघडपणे पैज लावून खेळणारा आणि हसलर, म्हणजे आपले कसब लपवून अनोळखी माणसाला पैजेत ओढणारा, या दोघांना त्यांनी एकाच माळेचे मणी ठरवले आहे, आणि जो जुगार खेळतो त्याला फसवले गेल्याची तक्रार करता येणार नाही, असा निष्कर्ष काढला आहे. या गल्लतीमुळे दोघांचेही फावते. हसलरला आपली लबाडी जुगाराच्या नावाखाली खपवता येते, आणि पैजेच्या नादी लागलेल्या माणसाला आपल्या प्रत्येक हरण्याचे खापर कुणा लबाडावर फोडता येते. म्हणून हा पत्रप्रपंच.

उघड पैजेत काय घडते ते आधी पाहावे. एकमेकांचा खेळ जाणणारे दोघे टेबलाशी उभे राहतात आणि कमी ताकदीच्या खेळाडूला किती सवलत द्यायची यावर घासाघीस करतात. नाइन-बॉल या प्रकारात इतरांना नऊ नंबरचा चेंडू पाडल्यावरच रॅक, म्हणजे एक डाव, मिळतो, तिथे त्याला आठ नंबरचा चेंडू पाडला तरी रॅक मिळेल असे ठरते. किंवा एकाने सात रॅक जिंकायचे आणि दुसऱ्याला पाच पुरेत, असे ठरते. या बोलाचालीत दोघेही आपला खेळ जरा कमीच करून सांगतात, हे दोघांनाही ठाऊक असते. पण सौदा शेवटी त्या खेळाडूंनी पूर्वी टेबलावर जे दाखवले आहे त्यावरच ठरतो. हरणाऱ्याचे पैसे जातात, परंतु आपण कशावर पैसे लावले हे त्याला माहीत असते.

हसलरचा धंदा नेमका याच माहितीवर चालतो. तो स्वतःचा क्यू आणत नाही, हॉलमधलाच एखादा वाकडातिकडा क्यू उचलतो, आणि छोट्या रकमेवर दोन-तीन रॅक हरतो. पण हरणेही त्याला बेताने साधावे लागते. फार वाईट खेळला तर पुढे अचानक सुधारलेला खेळ डोळ्यांवर येईल, म्हणून तो पॉकेटच्या तोंडाशी चेंडू अडकेल इतपतच चुकतो, आणि जिंकतो तेव्हा नशिबाने जिंकल्यासारखा जिंकतो. मग रक्कम वाढवण्याचा प्रस्ताव येतो, तोही बहुधा समोरच्याच्या तोंडून वदवून घेतलेला. प्रेक्षकांत त्याचा साथीदार असेल तर तो आजूबाजूच्यांशी वेगळ्या पैजा लावत राहतो आणि खरी कमाई पुष्कळदा तिथेच होते. हे सोंग बेमालूम असले तरी जाणकाराला एका ठिकाणी सापडते: त्याची नजर पाडायच्या चेंडूवर नसते, पांढऱ्या चेंडूवर असते. सोपा चेंडू चुकवूनही ज्याचा पांढरा चेंडू दर वेळी प्रतिस्पर्ध्याला अडचणीच्या जागी जाऊन थांबतो, तो चुकलेला नसतो. टेबलावर टेकवलेल्या डाव्या हाताची घट्ट बैठकही वर्षांच्या सरावाने आलेली असते आणि ती विसरल्याचे नाटक करणे कठीण असते.

या फसवणुकीचा माग लागत नाही याचे कारण खेळाच्या गणितात आहे. समजा, एका खेळाडूची प्रत्येक रॅक जिंकण्याची शक्यता शंभरात ६० आहे. नऊ रॅक आधी जिंकेल तो विजयी असा सामना लावला, तर तोच खेळाडू सुमारे ८० टक्के वेळा सामना जिंकेल. समोरच्याला मात्र आपण दहातले चार रॅक जिंकतो आहोत, म्हणजे आपला खेळ तोडीस तोड आहे, आज फक्त चेंडू साथ देत नाहीत, असेच दिसत राहते. लुटला गेलेला माणूस पुन्हा त्याच टेबलाकडे वळतो तो या समजुतीमुळे, निव्वळ मूर्खपणामुळे नव्हे.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि आपल्या लेखकांनीही तो घेतला आहे: पोकरमध्ये थाप मारणे चालते, मग पूलमध्ये कसब लपवले तर काय बिघडले? पोकरमध्ये पत्ते झाकलेले असणे हा खेळाच्या नियमांचाच भाग आहे आणि बसणारे सगळे ते मान्य करूनच बसतात. पूलच्या टेबलावर सगळे चेंडू उघडे असतात. झाकलेली असते ती केवळ खेळणाऱ्याची ताकद, आणि पैजेची किंमत तर तिच्यावरच ठरते. विचारले नाही म्हणून स्वतःहून आपली पातळी न सांगणारा खेळाडू मी अपराधी मानणार नाही. मुद्दाम चेंडू चुकवणारा मात्र खोटे बोललेला आहे, फक्त तोंडाऐवजी क्यूने. फसलेला माणूसही अनोळखी, कमजोर दिसणाऱ्या पाहुण्याला लुटायलाच बसला होता, हे पुष्कळदा खरे असते. पण त्याच्या हावरेपणाने हसलरची लबाडी पुसली जात नाही.

उघड पैज आणि लबाडी यांमधला पट्टा किती धूसर असू शकतो ते फिलिपिन्सचे पूल खेळाडू एफ्रेन रेयेस यांच्या कारकिर्दीत दिसते. १९८५ मध्ये ते अमेरिकेत गेले तेव्हा त्यांची कीर्ती तिथे पोहोचली होती, चेहरा कुणी पाहिला नव्हता. ह्यूस्टनमधल्या स्पर्धेत ते सेसर मोरालेस या नावाने उतरले आणि जिंकले. त्यांनी खेळ लपवला नाही, नाव लपवले, आणि जिथे सवलत नावाकडे पाहून ठरते तिथे हा फरक फारसा उरत नाही. ११ वर्षांनी, १९९६ मध्ये, हाँगकाँगला हेच रेयेस अमेरिकेचे अर्ल स्ट्रिकलंड यांच्याशी, १२० रॅक आधी जिंकेल तो विजयी अशा सामन्यात भिडले. एक लाख डॉलर, सगळे विजेत्याला. ते १२० विरुद्ध ११७ असे जिंकले. रक्कम मोठी होती, धोका मोठा होता, पण दोघेही कोण आहेत हे टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला माहीत होते. पैशांचा मोठेपणा हा खेळ अप्रतिष्ठित करतो, असे म्हणणाऱ्यांनी या सामन्याचा विचार करावा.

खेळाची प्रतिष्ठा गेली ती दुसऱ्याच वाटेने. अमेरिकेच्या विली मॉस्कोनी यांनी १९४१ ते १९५७ या काळात स्ट्रेट पूल या पूलच्याच एका प्रकाराचे जगज्जेतेपद १५ वेळा मिळवले आणि १९५४ मध्ये एका प्रदर्शनी खेळात सलग ५२६ चेंडू पाडले. पूल हा सभ्य खेळ आहे हे लोकांना पटवण्यात त्यांचे आयुष्य गेले. एकही मोठी स्पर्धा न जिंकलेले रुडॉल्फ वँडरोन, अर्थात ‘मिनेसोटा फॅट्स’, मात्र आपल्या हसलिंगच्या गप्पांवर त्यांच्याइतकेच, कदाचित अधिकच, लोकप्रिय झाले. १९७८ मध्ये दूरचित्रवाणीवर दोघांचा सामना झाला, तो मॉस्कोनी यांनी जिंकला, आणि तरीही सर्वसामान्य माणसाच्या मनात पूलचा खेळाडू म्हटले की आजही फॅट्सचीच आकृती उभी राहते. अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातल्या जॉन्स्टन सिटी इथे जान्स्को बंधूंनी १९६१ पासून हसलरांचीच स्पर्धा भरवली. १९७२ मध्ये तिथे संघीय यंत्रणांचा छापा पडला आणि ती बंद झाली.

हसलरला स्वतःला यातून काय मिळते, हाही प्रश्न विचारण्यासारखा आहे. नाव झाले की धंदा संपतो, म्हणून त्याला गावोगाव फिरावे लागते. आपला सर्वोत्तम खेळ त्याला चारचौघांत दाखवता येत नाही. त्याहून वाईट म्हणजे त्याच्याकडे पाहून शिकणारी पोरे नेम धरण्याबरोबर नेम चुकवण्याचाही सराव करतात. ज्या हॉलमध्ये हे वरचेवर घडते तिथे अनोळखी माणसाशी कुणी खेळत नाही, नवखे फिरकत नाहीत, आणि तासाप्रमाणे टेबलाचे भाडे घेणाऱ्या मालकाची पैजेच्या लांबलेल्या रात्रींतून झालेली मिळकत काही काळातच आटते.

आज अनोळखी राहणे अवघड झाले आहे. खेळाडूची ताकद अंकांत मोजणाऱ्या फार्गो मानांकनासारख्या पद्धतीत खेळाडूचे नाव शोधले की त्याचा अंक दिसतो; दोघांत १०० अंकांचे अंतर असेल तर वरचा खेळाडू सरासरी दोन रॅक जिंकतो तेव्हा खालचा एक जिंकतो, हे आधीच कळते. म्हणून लबाडीने आपला मुक्काम हौशी लीगमध्ये हलवला आहे. अमेरिकन पूलप्लेअर्स असोसिएशनच्या एट-बॉल (पूलचाच एक प्रकार) लीगमध्ये खेळाडूंना दोन ते सात अशी पातळी दिली जाते आणि पातळीनुसार जिंकायच्या रॅकची संख्या ठरते. आपली पातळी खालीच राहावी म्हणून हातचे राखून खेळणारे तिथेही असतात. मुद्दाम चुकवलेला फटका गुणलेखकाने बचावात्मक फटका म्हणून वेगळा नोंदवावा, अशी तरतूद त्या लीगला करावी लागली आहे. पैज नसतानाही फसवणूक उरते, तेव्हा ती पैजेची सावली नव्हे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

पैसे पुरवणारा आणि खेळणारा वेगवेगळे असतात तेव्हा आणखी एक प्रकार घडतो: खेळाडू प्रतिस्पर्ध्याशी संगनमत करून मुद्दाम हरतो आणि आपल्याच पाठीराख्याची रक्कम दोघे वाटून घेतात. पूलसारख्याच टेबलावर खेळल्या जाणाऱ्या व्यावसायिक स्नूकरमध्ये याच जातीच्या गैरप्रकारावरून २०२३ मध्ये चीनच्या दहा खेळाडूंवर कारवाई झाली. त्यात लियांग वेनबो आणि ली हांग यांना आजन्म बंदी, तर स्वतःचा सामना मुद्दाम न हरलेले, पण दुसऱ्याच्या ठरवून खेळलेल्या सामन्यांत गुंतलेले आणि सामन्यांवर पैसे लावणारे झाओ शिनतोंग यांना २० महिने. बंदी संपल्यावर २०२५ मध्ये झाओ जगज्जेते झाले. पैसे लावणे आणि सामना मुद्दाम हरणे या दोन्ही गोष्टी शिक्षापात्र, पण सारख्या नव्हेत, ही समज तिथल्या निवाड्यात होती.

याचा अर्थ उघड पैज निरुपद्रवी आहे, असा मी मुळीच घेत नाही. पैशांच्या खेळात मन कणखर होते, असे पुष्कळ चांगले खेळाडू सांगतात, आणि त्यात तथ्य असेलही. पण बरोबरीचे दोघे महिनोन् महिने पैजेवर खेळले, तर पैसा एकमेकांच्या खिशांत फिरत राहतो आणि टेबलाच्या भाड्याइतका दोघांचाही तोटा होतो. त्यांतला एक जेव्हा गेलेली रक्कम भरून काढण्यासाठी दुप्पट लावू लागतो, उसनवारी करू लागतो, तेव्हा त्याला कुणीही फसवलेले नसते. माझ्या मते अशा माणसांची संख्या हसलरने लुटलेल्यांपेक्षा कितीतरी अधिक असते, आणि त्यांच्या कहाणीत खलनायक नसल्यामुळे ती सांगितलीही जात नाही.

तेव्हा उपायही वेगळे हवेत. फसवणुकीला आळा घालणे हॉलमालकाच्या हातात आहे: ओळख खरी असल्याशिवाय पैजेच्या सामन्याला टेबल न देणे, खेळ लपवताना सापडलेल्याला कायमचे बाहेर ठेवणे, आणि अशाचे नाव इतर हॉलना कळवणे. पैजेच्या आहारी गेलेल्याला यांतल्या कशाचाही उपयोग नाही; त्याला उधारी बंद करणारा मालक, घरच्यांची वेळेवर दखल आणि व्यसनमुक्तीचे समुपदेशन लागते. आपल्या वार्ताहरांनी यापुढे पूल हॉलमधली एखादी घटना छापताना पैसे गमावणाऱ्याला समोरच्याची ताकद ठाऊक होती की नाही, एवढी एक गोष्ट विचारून बातमीत नोंदवावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक