गोऱ्या, नाजूक कातडीच्या लेकरांसाठी उन्हाची सूचना

गटातील सर्व आईबाबांनो, गोऱ्या, नाजूक कातडीच्या लेकरांना आपल्याकडचं ऊन लवकर भाजतं. उन्हापासून वाचवणारी क्रीम (सनस्क्रीन) घेताना ट्यूबवर झिंक ऑक्साइड (ऊन अडवणारा घटक), 'ब्रॉड स्पेक्ट्रम' (उन्हातल्या दोन्ही प्रकारच्या अतिनील किरणांपासून बचाव) आणि एसपीएफ (ऊन भाजण्यापासून किती संरक्षण मिळतं तो आकडा) ३० किंवा जास्त लिहिलेलं बघा. सुवासाची नको, त्यानं अशा कातडीला खाज सुटू शकते. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडी लावून खाज सुटते का ते बघायला एक दिवस थांबा. चेहरा, कान, मान मिळून अर्धा छोटा चमचा लागतेच. पातळ थर दिला तर लिहिलेलं संरक्षण मिळत नाही. दर २ तासांनी, घाम पुसल्यावरही पुन्हा लावा. ६ महिन्यांखालच्या बाळाला क्रीम नको, सावलीतच ठेवा. विरळ मलमलीतून ऊन शिरतं, म्हणून घट्ट विणीचा, पूर्ण बाह्यांचा सदरा घाला. आणि ११ ते ४ वावरात नेऊच नका.