डेक पैशानं नाही, डोक्यानं बनतो

संपादक साहेब,
आमच्या धरमपेठेत पोट्टे पोकेमॉन टीसीजी पॉकेट हा मोबाइलवरचा कार्डांचा गेम खेळतात न घरचे म्हणतात टाइमपास, पण जरा बाजूला बसून बघा तर खरं. डेकमध्ये (खेळायला निवडलेल्या कार्डांच्या गठ्ठ्यात) फक्त 20 कार्डं, एका नावाची जास्तीत जास्त 2, म्हणजे प्रत्येक जागेचा हिशेब. भाच्यानं दोन रंगांची एनर्जी (हल्ल्याला लागणारी ताकद) ठेवली होती, टर्नला एकच मिळते न कोणता रंग येईल ते गेम ठरवतो, मग हल्लाच होईना. एकच रंग केला, प्रोफेसर्स रिसर्च नावाची 2 कार्डं घातली, एका कार्डानं 2 नवीन कार्डं हातात येतात, डेक पळायला लागला! नुसती चमकदार कार्डं कोंबून काही होत नाही बाप्पा. नवीन कार्डांच्या पॅकसाठी पोरांना पैसे देऊ नका, पण ही जुळवाजुळव करू द्या, आणि तुमच्या रविवारच्या पानावर यावर एखादं सदर सुरू कराच.

एक मामा, धरमपेठ, नागपूर