पांढरी सात

गावभाग, सांगली

प्रिय मित्रा,

गाणं झालं. काल रात्री दोन वाजता शेवटचा टेक झाला आणि पहिली बातमी तुलाच कळवतोय.

आठ वर्षं आपण ऑर्केस्ट्रात काढली. मूळ गायकाची पट्टी, म्हणजे ज्या सुराला 'सा' धरून तो गातो तो सूर, सोडायची नाही, हा आपला नेम. तू पेटीवर सूर धरायचास, मी गळा ताणून तिथवर पोचायचो. टाळ्याही पडायच्या. पण माझी स्वतःची पट्टी कोणती, हे मला कुणी विचारलं नव्हतं. ते विचारलं मिरजेत.

ॲपवरचा तानपुरा लावून तीन दिवस गायलो, गाणं बसेना. म्हणून सतारमेकर गल्लीत तानपुरा भाड्यानं आणायला गेलो. तानपुरे बनवणाऱ्या चाचांनी विचारलं, "पट्टी?" सवयीनं पेटीची पट्टी सांगितली, "काळी दोन." म्हणाले, "गा जरा." मुखडा गायलो. त्यांनी हातातला तानपुरा बाजूला ठेवला, मोठ्या भोपळ्याचा दुसरा उचलला आणि त्याहून खालच्या पांढरी सातला लावायला घेतला. एकेका तारेखालचा जवारीचा दोरा ते घोडीवर केसभर मागं-पुढं सरकवत होते. एका जागी तार अशी खुलली की खोलीभर गुंजन झालं. "आता गा," म्हणाले. मित्रा, मी गायलो आणि घसा कुठंच लागला नाही. डोळ्यांत पाणी आलं. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब ज्या गावात राहिले, जिथं त्यांची कबर आहे, त्या गावापासून आपण दहा-बारा किलोमीटरवर वाढलो. 2024 मध्ये मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा बातमी वाचून पुढं सरकलो होतो. माझा सूर तिथंच होता.

गाणं आजीचं आहे. 2019 च्या पुरात घरात चढलेल्या पाण्याची भिंतीवरची खूण तिनं रंगवू दिली नाही, ते तुला माहीत आहे. ध्रुवपदात तिचाच शब्द आहे, 'पाणी आलतं'. एकानं सुचवलं, 'आलं होतं' कर, पुण्या-मुंबईत समजेल. करून पाहिलं. एक अक्षर जास्त होतं, आणि आजी निघून जाते. 'आलतं'च ठेवलं.

माजघरात गाद्या उभ्या लावल्या, पंखा बंद केला आणि रहदारी थांबल्यावर गायलो. कानात ठेका देणारा क्लिक ट्रॅक काढून टाकला, कारण अंतऱ्यात आजी बोलता बोलता थांबते, तिथं मलाही थांबायचं होतं. गिटार आणि आवाज एकत्रच घेतले.

एका कंपनीचा करार आला होता. सगळे हक्क कायमचे त्यांचे, रॉयल्टीसकट. वकिलांनी सांगितलं की कॉपीराइट कायद्याच्या 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीचा आपला वाटा असा सोडून देताच येत नाही. तो वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो. सही केली नाही. स्वतःच काढतोय. मिक्सिंगचे पैसे मात्र अजून उभे करायचे आहेत.

आजीला ऐकवलं. ती काही बोलली नाही. उठून भिंतीपाशी गेली, खुणेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "परत लाव."

दुसरं गाणं अर्धं झालंय. त्यात पेटी हवी आहे, आणि ती तूच वाजवायचीस. दिवाळीला येशील तेव्हा घेऊन ये. यावेळी सूर मी देतो, पांढरी सात.

तुझाच