रानमेव्यात कापशीही हवी

रविवारच्या अंकातील रानमेव्यावरचा लेख आवडला. करवंद, तोरण, आळू ही सगळी आलीच, पण कापशी मात्र राहून गेली. महाबळेश्वरच्या बाजूला ओढ्यांच्या काठी वाढणारे हे झुडूप अंगाची आग करणाऱ्या आग्याच्या कुळातले असले, तरी याला आग आणणारे केस नाहीत. लांबट पान वरून खरखरीत हिरवे. उलटे केले की खाली पांढरी लव दिसते. फांदीला चिकटून येणारी पिवळी-नारिंगी फळांची बारीक बोंडे थेट तोंडात टाकावीत, चव गोडसर. बुलबुल तर त्यांवर तुटून पडतात. सालीच्या चिवट धाग्यापासून दोर वळत असत.

हे लिहिण्याचे कारण म्हणजे ओढ्यांचे सुशोभीकरण. आमच्या गावालगतच्या ओढ्याकाठची झुडपे गेल्या वर्षी जेसीबीने उपटून दगडी पिचिंग केले. त्यात कापशी मुळासकट गेली. या जातीत नर आणि मादी फुले बहुधा वेगवेगळ्या झाडांवर येतात. त्यामुळे नमुन्यादाखल एखादे झुडूप राखून फळे मिळत नाहीत. काठावर दोन्हींची पुरेशी झुडपे शिल्लक हवीत. काठाची माती धरून ठेवणारी झुडपे काढायची आणि तिथेच खर्च करून दगड रचायचे, हे मला पटत नाही. अशा कामाच्या अंदाजपत्रकाआधी काठावरच्या झाडाझुडपांची नोंद सक्तीची करावी. ती नावे गावातल्या गुराख्यांना आणि म्हाताऱ्या बायकांना विचारावीत.

– एक वाचक, वाई