चिखलातल्या नोकरीबद्दल, आई-बाबांना

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

आंध्रातल्या मछलीपट्टणमची नोकरी मी घेतली. होकार कळवला, खोलीही ठरवली. फोनवर हा विषय निघाला की आईचा आवाज बदलतो आणि मला पुढे बोलवत नाही, म्हणून लिहिते आहे.

दादा म्हणतो, सोलापुरात कॉलेजवर मिळत होतं, मग एवढ्या लांब कशाला? बाबा काहीच बोलले नाहीत, ते जास्त लागलं. पण कोणार्क एक्सप्रेस आपल्या स्टेशनात थांबते आणि थेट विजयवाड्याला नेते, पुढे बसने साधारण दोन तास. तेलुगूची काळजी नको, सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू मैत्रिणींच्या घरी निम्मं बालपण गेलंय माझं. खोली पहिल्या मजल्यावर आहे, घरमालकीण खालीच राहते आणि पाणी रोज येतं, आई, रोज! ज्वारीचं पीठ नेतेच आहे, शेंगाचटणी तू देशीलच.

आता काम. कृष्णा जिथे समुद्राला मिळते तिथल्या खारफुटीच्या चिखलात पोकळ नळी दाबून खोलवरचा नमुना काढायचा आणि त्यात कार्बन, नत्र, स्फुरद किती ते मोजायचं. तो चिखल काळा असतो, कुजक्या अंड्यासारखा वास मारतो. वरचे काही मिलिमीटर सोडले तर खाली प्राणवायूच नसतो. तिथले जिवाणू प्राणवायूऐवजी समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर भागवतात, त्यातून जो वायू सुटतो त्याचाच हा वास. प्राणवायू नसल्यामुळे तिवराची, म्हणजे खारफुटीतल्या झाडांची, पानं-मुळं फार सावकाश कुजतात. आई, लोणच्यावर तू तेलाचा थर ठेवतेस ना, हवा लागू नये म्हणून? इथे ते काम पाणी करतं आणि कार्बन शेकडो वर्षं टिकतो. २०११ साली हिंद-प्रशांत पट्ट्यातल्या २५ खारफुटी वनांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात हेक्टरी सरासरी १,०२३ टन कार्बन निघाला, बहुतेक जमिनीखालचा. कोळंबीच्या तळ्यांसाठी हाच चिखल उकरला की त्याला हवा लागते आणि साठा कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो. किनाऱ्यावर अशी तळी किती झालीत ते बघून पोटात कालवतं.

खेकडेही बघण्यासारखे आहेत. गळलेलं पान ओढत बिळात नेतात, म्हणून ओहोटी ते समुद्रात घेऊन जाऊ शकत नाही.

बाबा, ही नदी परकी नाही. टाकळीच्या रानाला लागून वाहते ती भीमा पुढे रायचूरजवळ कृष्णेला मिळते. उसाला घातलेल्या युरियातलं सगळं नत्र पीक घेत नाही, उरलेल्यातलं बरंच नाइट्रेट होऊन ओढ्याला लागतं. हे तुम्हाला बोल लावायला लिहीत नाही. त्याच उसावर माझी फी भरली गेलीय. खारफुटीच्या चिखलात हवा नसते म्हणून तिथले जिवाणू या नाइट्रेटचा नायट्रोजन वायू करून हवेत सोडतात, म्हणजे समुद्रात जाण्याआधी पाण्यातलं थोडं नत्र कमी होतं. किती, ते मला मोजायचंय. शिवाय धरणांमुळे गाळ वाटेतच अडतो, तिथला किनारा काही ठिकाणी समुद्र खातोय, आणि किनारा गेला की चिखलातला कार्बनचा साठाही जाणार. आपल्या रानातून सुटलेलं पाणी कुठे जाऊन काय करतं हे लहानपणी मी तुम्हाला सायकलच्या दांडीवर बसून विचारायचे. तुम्ही म्हणायचात, "लांब जातं बाळा." तिथेच निघाले आहे, बाबा. सोडून चालले असं मनात आणू नका.

आणि आता दोघांनीही ऐकायचं. बाबांनी बीपीची गोळी नाश्त्याआधी घ्यायची, "विसरलो" चालणार नाही. एप्रिल-मे महिन्यात अकरानंतर रानात पाऊल टाकायचं नाही, पाळी द्यायची असली तरी गडी आहे. आई, पाणी आलं की गच्चीवर घागरी चढवू नकोस, तुझा गुडघा तसाच नाही राहिला. मोटार बसवायला मिस्त्रीला सांगून ठेवलंय, पैसेही दिलेत. दादाला हिशोब विचारायचा नाही.

गड्ड्याच्या यात्रेला मी येणार, सुट्टी मागून ठेवलीय. तोवर रोज रात्री आठला फोन. बाबांनी स्पीकर चालू करायचा आणि आईने रडायचं नाही. रडलीस तरी चालेल, पण मग जेवून घ्यायचं. साखरेचा रिपोर्ट शुक्रवारी मिळेल, फोटो काढून मला पाठवा, दोन्ही पानांचा.

तुमची,
छकुली