पाणी पाज, ही समजूत नव्हे

नागपूर
१४ ऑगस्ट

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा आलं. तुझ्या आश्रमशाळेतला आठवीचा मुलगा पावसात खो-खो खेळून आला आणि रात्रभर मांड्या धरून तळमळत होता, हे वाचल्यावर घास उतरेना. सिकलसेलचं, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक रक्तविकाराचं दुखणं मी प्रयोगशाळेत काचपट्टीवर रोज बघतो, पण तू ते पोराच्या उशाशी बसून पाहिलंस. तू विचारतोस, ‘डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि वर सांगितलं, पाणी भरपूर पाज. एवढ्या मोठ्या दुखण्यावर पाणी? ही नुसती समजूत तर नाही ना?’ फोनवर मी घाईत काहीतरी बोललो, ते माझं मलाच पटलं नाही. म्हणून आज नीट लिहितो.

समजूत नाही रे. फार खरा सल्ला आहे तो.

रक्ततपासणीत या मुलाचा पॅटर्न एसएस, म्हणजे आई आणि वडील दोघांकडून बिघडलेलं जनुक आलेलं. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल हे अमिनो आम्ल हवं, तिथे व्हॅलिन हे दुसरं बसलंय. बदल एवढाच. पण तो बदल त्याच्या जवळपास सगळ्या तांबड्या पेशींत चोवीस तास असतो, मग दुखणं रोज का नसतं? मला या प्रश्नानेच या कामात ओढलं.

हे हिमोग्लोबिन ऑक्सिजन सोडतं तेव्हा त्याचे रेणू एकमेकांना चिकटून दोर वळू लागतात आणि पेशी विळ्यासारखी वाकते. पण दोर लगेच वळले जात नाहीत. मध्ये थोडा वेळ जातो आणि त्या वेळात पेशी केशवाहिनीतून निसटून फुप्फुसाकडे पोचली की ऑक्सिजन मिळून सुटते. शर्यतच आहे ती, सेकंदांची. आणि हा मधला वेळ ठरतो पेशीत हिमोग्लोबिन किती दाट आहे त्यावर. दाटपणा दहा टक्क्यांनी वाढला तर तो वेळ चौथ्या हिश्श्यावर किंवा त्याहूनही खाली येतो. पेशीतलं थोडंसं पाणी गेलं की शर्यत हरली, असं समज.

आता पेशी पाणी धरून कशी ठेवते, ते सांगतो. पेशीभोवतीचं पटल म्हणजे मेदाच्या रेणूंचे दोन पदर. हे दोन पदर पहिल्यांदा कळले तेही तांबड्या पेशींवरूनच. १९२५ मध्ये हॉलंडमध्ये लायडनला गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी पेशींतला सगळा मेद काढून पाण्यावर पसरला, तर त्याचं क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरलं. (त्यांच्या मोजणीत दोन चुका होत्या. दोन्हींनी एकमेकींना खोडून काढलं आणि उत्तर बरोबर आलं. मला ही गोष्ट फार आवडते.) या पटलातून आयन, म्हणजे क्षारांचे विद्युतभारित कण, आपले आपण जाऊ शकत नाहीत, त्यांना प्रथिनांची दारं लागतात. एक पंप अखंड चालू असतो. दर खेपेला तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत. म्हणून पेशीत पोटॅशियम रक्तद्रवापेक्षा तिसेक पट जास्त असतं. जिकडे आयन, तिकडे पाणी. पोटॅशियम आत आहे तोवर पाणी आत.

कॅल्शियमचं उलट. ते बाहेर भरपूर आणि आत जवळजवळ नाहीच, फरक दहा हजार पटींहून मोठा. त्याला बाहेर ठेवायला वेगळा पंप राबत असतो. सिकलसेलमध्ये पेशी वाकली की पटल ताणलं जातं आणि कॅल्शियम आत शिरतं. तेवढ्यानं पोटॅशियमचं एक दार उघडतं. हंगेरीच्या ग्यॉर्गी गार्डोश यांनी १९५८ मध्ये कॅल्शियम आणि पोटॅशियमचं हे नातं दाखवलं, म्हणून त्या दाराला त्यांचंच नाव आहे. पोटॅशियम बाहेर, त्यामागे क्लोराइड, त्यामागे पाणी. पेशी सुकते, हिमोग्लोबिन दाटतं, पुढच्या फेरीला दोर आणखी लवकर वळतात. प्रत्येक वाकण्याने पुढचं वाकणं सोपं होतं. तांबड्या पेशीत केंद्रक नाही, त्यामुळे नवी प्रथिनं घडवून झीज भरून काढणं तिला जमत नाही. निरोगी पेशी १२० दिवस जगते, या मुलाची बहुधा १० ते २० दिवस. लवकर फुटणाऱ्या पेशींतल्या रंगानं त्याचे डोळे पिवळसर दिसतात, आणि पेशी कमी पडल्यानं धावताना तो लवकर दमतो.

तेच कॅल्शियम आणखी एक गोष्ट करतं आणि माझं सगळं काम त्या गोष्टीभोवती फिरतं. पटलाचे दोन पदर सारखे नसतात. फॉस्फॅटिडिलसेरीन नावाचा एक मेद फक्त आतल्या पदरात ठेवलेला असतो. चुकून बाहेर गेलाच तर एक प्रथिन ऊर्जा खर्चून त्याला परत आत उलटवतं. १९८४ मध्ये पॅरिसच्या सेन्यूरे आणि देव्हो यांनी हे तांबड्या पेशींतच दाखवलं. पेशीत कॅल्शियम वाढलं की हे परत आणणारं प्रथिन मंदावतं, आणि त्याच वेळी दोन्ही पदरांतले मेद सरमिसळ करणारं दुसरं प्रथिन जागं होतं. आतला मेद बाहेर येतो. निरोगी शरीरात ही खूण फार उपयोगी असते. जखम झाली की प्लेटलेट हाच मेद बाहेर काढतात आणि त्यावर रक्त गोठवणारे घटक जमतात. मरणाऱ्या पेशीवर तो दिसला की भक्षक पेशी तिला गिळतात. पण सिकलसेलच्या मुलात ही खूण भलत्याच वेळी, वाहत्या रक्तात लागते. पेशी रक्तवाहिनीच्या अस्तराला चिकटतात, नको तिथे रक्त गोठू लागतं, प्लीहेतल्या भक्षक पेशी त्यांना उचलतात. हाडातली बारीक वाहिनी तुंबते. त्या रात्री त्याच्या मांडीत तेच होत होतं.

एक गोष्ट तुझ्यापासून लपवणार नाही. गार्डोशचं दार बंद करणारं सेनिकापॉक नावाचं औषध निघालं होतं. पेशींनी पाणी धरलं, रक्तातलं एकूण हिमोग्लोबिन वाढलं, पेशी कमी फुटू लागल्या. तरी दुखण्याच्या झटक्यांची संख्या उतरली नाही आणि चाचणी थांबवावी लागली. मी तेव्हा नवखा होतो, खूप निराश झालो होतो. आज मला वाटतं की पाणी ही अर्धीच बाजू आहे. चिकटण्याची दुसरी बाजू तशीच राहिली, शिवाय पोटॅशियमला बाहेर जायला गार्डोशखेरीज दुसरंही दार आहे. हे माझं मत, सगळ्यांचं नव्हे.

मग पाण्याचा आग्रह का? शरीर कोरडं पडलं की रक्तद्रव खारट होतो आणि पेशीतलं पाणी ओढून घेतो. निदान तेवढी ओढ तरी आपण कमी करू शकतो. आणि आता तुझ्या पत्रातली ती ओळ. ‘तासाला सारखा लघवीला विचारतो, म्हणून मी एकदा ओरडलो.’ वाईट वाटून घेऊ नकोस, तुला कोणी सांगितलंच नव्हतं. मूत्रपिंडाचा आतला भाग फार खारट असतो आणि तिथे ऑक्सिजन कमी. पेशी तिथे पहिल्यांदा सुकतात, वाकतात आणि तो भाग लहानपणीच खराब होतो. मग लघवी दाट करता येत नाही. पाणी कमी प्यायला तरी लघवी होतच राहते. त्याला खरंच जावं लागतं रे, रात्रीही. आणि गेलेलं पाणी भरून काढावंच लागतं.

म्हणून त्याच्या बाकाशेजारी बाटली असू दे. न विचारता उठून जायची मुभा दे. खेळू दे, पण धापा टाकेपर्यंत नको, आणि भिजला तर लगेच अंग पुसून कोरडे कपडे. थंडीने वाहिन्या आकसतात, मग पेशी रेंगाळतात. ताप आला, छातीत दुखलं किंवा धाप लागली तर पाण्यावर थांबू नकोस, रात्र असली तरी दवाखाना गाठ. हायड्रॉक्सीयुरिया या औषधाबद्दल डॉक्टरांना जरूर विचार. त्याने बाळ पोटात असतानाचं हिमोग्लोबिन वाढतं आणि ते दोर वळण्यात अडथळा आणतं.

त्याची धाकटी बहीण तुझ्याच शाळेत पाचवीला आहे असं लिहिलंयस. तिची तपासणी झालीय का? झाली नसेल तर या आठवड्यात करून घे, आणि पॅटर्न काय आला ते मला लगेच कळव. रक्षाबंधनाच्या सुटीत मी तिकडे येतोय. त्याला माझी दुर्बीण दाखवायची आहे, म्हणजे सूक्ष्मदर्शक. आपल्या पेशी कशा दिसतात ते त्याला बघायचंय, असं तूच लिहिलं होतंस.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच